डिरेक्टरीवाल्या वहिनी

जपानात ग्योतोकुच्या आमच्या इमारतीत कागदाच्या रद्दीचा दिवस आला की सगळे गठ्ठे घेऊन खाली उतरत. डिरेक्टरीवाल्या वहिनी तेवढ्या गठ्ठे घेऊन वर चढत. जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांचे. इमारतीच्या रखवालदार आजोबांनी दोनदा समजावलं, की रद्दी खाली ठेवायची असते. मग त्यांनी हात टेकले आणि स्वतःच सुतळी बांधून डिरेक्टऱ्या बाजूला काढून ठेवू लागले.

कंपन्या भारतातून विमानं भरभरून प्रोग्रॅमर आणत होत्या, त्या वर्षांतली ही गोष्ट. नवरे सकाळी तोझाई लाइनच्या लोकलच्या गर्दीत शिरले की आम्ही बायका घरात उरायचो. कुणी जपानी शिकलं, कुणी टीव्हीपुढे बसलं. वहिनींनी फुलं दाबायला घेतली. डिरेक्टरीचा कागद खरखरीत, ओल शोषणारा. त्यात टिश्यूपेपर, टिश्यूत फूल, आणि वर वजनाला भावजींची कॉम्प्युटरची जाडजूड पुस्तकं. "कागद चकचकीत, आत ठेवून उपयोग नाही. वरच बरी," असं त्या भावजींच्या देखत सांगत. भावजी चहा पीत राहत.

मी त्यांच्याकडे गेले ती गळ्याशी आल्यावर. लेकीच्या बालवाडीचा निरोपसमारंभ मार्चात होता. वर्गातल्या सव्वीस मुलांसाठी वाळवलेल्या फुलांच्या पुस्तकखुणा करायचं काम मी मुलांच्या आयांच्या सभेत हात वर करून अंगावर घेतलं होतं. वर्षभर तिथे माझ्याशी कुणी हवापाण्यापलीकडे बोललं नव्हतं. म्हटलं, फुलं तर आपल्या घरची. आता ते जमलं नसतं, तर लेकीला पंचवीस घरांपुढे खाली बघावं लागलं असतं. निदान मला तसं वाटत होतं.

पहिला घाणा मी वहिनींना न विचारता घातला. पहाटे उठून, आंघोळ करून गॅलरीतल्या पॅन्झी खुडल्या, वर पाण्याचा हबका मारला आणि डिरेक्टरीत ठेवल्या. चौथ्या दिवशी पानापानावर बुरशी. वहिनी हसल्या नाहीत, ते जास्त लागलं.

"कधी खुडलीस?"

"सकाळीच. आंघोळ करून."

"अगं, देवाला वाहायची नाहीत, वाळवायची आहेत. दव सुकलं की दुपारी खुडायची, कोरडी ठणठणीत. तू बिनआंघोळीची असलीस तरी त्यांना चालतं."

बारा दिवस उरले होते. दुपारी वहिनी स्वतः येऊन बसल्या. देठ कापायचा, फूल पालथं ठेवायचं, एकाला दुसरं लागू द्यायचं नाही. बाहेरचा कागद रोज बदलायचा, पण फुलावरचा टिश्यू उचलायचा नाही. भात शिजताना झाकण काढतेस तसं करू नकोस, असं त्यांनी बजावलं. झाकण न काढता मी भात शिजवलेला मला आठवत नाही. तरी तीन दिवस कळ काढली. चौथ्या दिवशी, आत रंग टिकतो तरी कसा, एवढंच बघायला एक टिश्यू उचलला. पाकळी त्याला चिकटून आली.

दहाव्या दिवशी वहिनींच्या देखत उघडलं. पंचवीस फुलं जांभळी-पिवळी, पापुद्र्यासारखी पातळ. आणि एक तपकिरी, फाटक्या पाकळीचं. त्यांच्या घरचा साठा मनात आलेला माझ्या चेहऱ्यावर दिसला असणार. भावजींचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं, दोन वर्षांची फुलं पुण्याला न्यायच्या खोक्यात भरून तयार होती.

"मागू नकोस, देणार नाही," त्या म्हणाल्या. "तुझी सव्वीस झालीत. सव्विसावं कुणाला द्यायचं, तेवढं तू ठरव."

दोन दिवसांनी समारंभ झाला, तेव्हा त्या पुण्याला पोचल्याही होत्या. लेकीने आपली खूण शेजारच्या मुलाच्या खुणेशी लावून बघितली आणि मला जपानीत विचारलं, माझंच असं का? आईने मधेच उघडून बघितलं म्हणून, मी सांगितलं. तिने ते वर्गभर जाहीर केलं. आया हसल्या. मग एकीने हळूच कबूल केलं, की तीही अशीच उघडून बघते, म्हणून तिची फुलं कधीच नीट होत नाहीत. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. फूल कधी खुडायचं, वजन किती ठेवायचं, मी माझ्या मोडक्या जपानीत सांगत सुटले. लेक कोट ओढायला लागली तरी आमचं संपेना.

संध्याकाळी पुण्याला फोन लावला. मला सगळं पहिल्यापासून सांगायचं होतं. वहिनींनी मधेच तोडलं.

"तपकिरी कुणाला गेलं?"

"आमच्याच लेकीला."

"मग जमलं तुला," त्या म्हणाल्या.

त्यानंतर मला काही जमलं असं कुणी म्हटलेलं आठवत नाही. तशी गरजही पडलेली नाही.