आईच्या हातावरची चार अक्षरं

“चाचा, कहानी नहीं! निशान बोलो, निशान!”

बहारीनमधल्या मुहर्रकच्या चौकीतला हवालदार शेवटी ओरडलाच. त्याचा काही दोष नव्हता. मूळचा कराचीकडचा, स्वभावानं मवाळ माणूस. हरवलेली म्हातारी कशी दिसते एवढंच त्यानं विचारलं होतं. मी पंधरा मिनिटं सांगत होतो, आणि तेवढ्यात माझ्या आईनं मुसळानं बिबट्या पिटाळला होता, दुष्काळात एकटीनं विहीर खणली होती आणि अडलेली म्हैस खांद्यावर घेऊन नदी ओलांडली होती. त्याच्या कागदावर मात्र ‘उंची कमी’ एवढंच उतरलं होतं. माझा स्वभावच तसा. मी बुडत असलो तरी वाचवायला आलेल्या माणसाला आधी पाण्याची खोली दुप्पट करून सांगेन.

“निशान,” तो आवाज उतरवून पुन्हा म्हणाला. “बॉडी पे कुछ? तिल, जलने का दाग, टॅटू?”

“था. हाथ पे उनका नाम लिखा था.”

“शाबास! क्या नाम?”

“निकाल दिया.”

“किसने?”

“मैंने.”

त्यानं पेन खाली ठेवलं. बाहेर ऑगस्टचा शुक्रवार तापत होता. आई घरातून निघून दीड तास झाला होता, पायात चप्पल नव्हती, आणि तिला स्वतःचं नाव सांगता येईल की नाही याची मला खात्री नव्हती. त्या उन्हात धडधाकट माणूसही तासाभरात आडवा होतो. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे पुढचं वाक्य नव्हतं.

आई जालना जिल्ह्यातली, अंबडकडची. लहानपणी यात्रेत हरवू नये म्हणून तिच्या बापानं तिच्या डाव्या हातावर तिचं नाव गोंदवून घेतलं होतं: धुरपदा. त्याच्या वर चिमुकलं तुळशीवृंदावन आणि हनुवटीवर तीन ठिपके. लग्नानंतर माझ्या वडिलांबरोबर तिनं बाप्तिस्मा घेतला, तिचं नाव सारा झालं, आणि वृंदावन गोंदलेल्या त्याच हातानं ती पन्नास वर्षं प्रभुभोजनाची भाकर घेत आली. कुणी काही म्हटलं नाही. आई शाळेत गेलेली नव्हती. जगातल्या सगळ्या अक्षरांपैकी तिला चारच ओळखता येत, धु, र, प, दा. एसटीच्या पाटीवर ‘प’ दिसला की म्हणायची, “ह्यो माझ्यातला हाय.” जणू कुणी सोयरा भेटलाय.

वडील गेल्यावर मी तिला बहारीनला आणलं. मी इथं एअरपोर्टवर एसीचा फोरमन. (गावाकडे मी ‘विमानं थंड ठेवतो’ असं सांगितलं आहे.) इथं आल्यावर तिची आठवण फाटत गेली. आधी मीठ घातलं की नाही ते विसरायची, मग वार, मग माझी बायको रूथ, आणि एके सकाळी मी. चहाचा कप हातात घेऊन मला म्हणाली, “तुम्ही कुणाचे म्हणायचे?” मी हसून वेळ मारून नेली, बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ बाहेर आलो नाही. पण तिचं स्वतःचं नाव मात्र शाबूत होतं. बाल्कनीत बसून ती उजव्या हाताचं बोट डाव्या हातावरून फिरवायची, एकेक अक्षर गिरवत, आणि शेवटी मान हलवायची. हं, आहे मी.

त्याच सुमारास आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, वडीलधारे शलमोनकाका यांनी गोंदण्यावर बोध केला. मंडळीतल्या एका पोरानं मानेवर गरुड काढून घेतला होता, त्यावरून. शरीर हे देवाचं मंदिर, शास्त्रात अंगावर गोंदवणं मना आहे, आज हौस वाटते आणि उद्या पस्तावाल, असं काका बोलले. दुसऱ्या दिवशी मी हे आमच्या इजिप्तच्या फिटरला ऐकवलं. तो ख्रिस्तीच, त्यानं बाही सारून मनगटावरचा छोटा क्रूस दाखवला आणि म्हणाला, “आमच्याकडे हा नसेल तर आई ओरडते.” मी त्याचंही ऐकलं आणि काकांचंही, आणि केलं मला हवं होतं तेच. आईच्या आत्म्याची काळजी म्हणून मी गोंदण काढलं असं मी सगळ्यांना सांगत आलो. आज लिहायला बसलोय तर खरं लिहितो: मला एक साक्ष हवी होती, देवानं काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायला. शुक्रवारच्या, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवसाच्या, प्रार्थनेत प्रत्येकाकडे काहीतरी असायचं, कुणाचा ताप उतरलेला, कुणाचा व्हिसा झालेला. माझ्याकडे नुसत्या थापा.

कातडीच्या दवाखान्यात चार वेळा नेलं. लेझरचं यंत्र टकटक करायचं, मी नर्सला माझे किस्से सांगायचो, नर्स हसून हसून डोळे पुसायची, आणि आई भिंतीकडे बघत पडून असायची. शेवटच्या वेळी हनुवटीचे ठिपकेही काढायचे होते, पण तिनं तोंडच फिरवलं. डॉक्टर म्हणाला, राहू द्या. हातावर गुलाबी डाग उरला. नंतर कितीतरी दिवस मी पाहिलं, ती त्या डागावर बोट फिरवायची, थांबायची, मग उजवा हात उलटून बघायची. नाव सरकून तिकडे गेलंय का म्हणून. रूथनं मला एकदाच म्हटलं, “अहो, हे काय केलंत तुम्ही?” मी तिला म्हटलं, “सवय होईल.”

त्या शुक्रवारी प्रार्थना आमच्याच घरी होती. हॉलमध्ये वीसेक माणसं, दाराशी चपलांचा ढीग, आणि मी उभा राहून साक्ष देत होतो. जुना मनुष्य कसा धुऊन निघाला, यंत्र चालू असताना आईनं कसं गीत गायलं, नर्ससुद्धा कशी रडली. मग मी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि चांगली ऐसपैस प्रार्थना केली. आमेन म्हणून डोळे उघडले तर आईची खुर्ची रिकामी, दार उघडं. माझ्या इतक्या लांबलचक प्रार्थनेचा उपयोग एवढाच झाला की तिला तीन मजले उतरायला वेळ मिळाला.

चौकीतून बाहेर पडलो तेव्हा शलमोनकाका गाडीशी उभे होते. सत्तरीचा माणूस, शर्ट भिजून पाठीला चिकटलेला. मी त्यांच्यावरच उसळलो.

“काका, हातावर नाव असतं तर आत्तापर्यंत कुणी फोन केला असता! तुमच्या बोधापायी झालं हे!”

“माझ्या?” काका हबकले. “अरे बाबा, मी पोरांना नवीन गोंदवू नका म्हणालो. म्हातारीचं खरवडून काढ असं कधी म्हणालो? मला विचारलंस तू?”

“नाही.”

“माझ्या आईच्या दोन्ही हातांवर होतं. तसंच घेऊन गेली ती प्रभूकडे. त्यानं काय परत पाठवलं तिला?” त्यांनी गाडीचं दार उघडलं. “बस गाडीत. पाणी पी.”

आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. मुहर्रकच्या जुन्या भागात गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला चिकटावं. दुकानं जुम्म्यासाठी बंद होती, विचारायलाही कोणी नव्हतं. मी मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: ‘माझी आई सारा हरवली आहे, कृपया मदत करा.’ पहिलं उत्तर आलं, ‘हामूरनं गिळली का?’ पुढे हसणारे चेहरे. गेल्या महिन्यात मी त्याच ग्रुपवर पुलाखाली बसएवढा हामूर मासा पाहिल्याचं लिहिलं होतं. आणखी एकानं विचारलं, ‘या वेळी गोष्ट किती भागांची?’ मी ‘खरंच’ असं लिहिलं. मग पुन्हा ‘खरंच’. माझ्या हातचा तो शब्द कुणी वाचला तरी काय समजणार?

काका गाडी फिरवत राहिले आणि मी पायी फिरलो. एका मशिदीच्या भिंतीची हातभर सावली होती, तिथं बसलो. डोळ्यांपुढे आई कुठल्यातरी भिंतीशी पडलेली दिसायची आणि प्रत्येक वेळी ती भिंत वेगळी असायची. प्रार्थना करायला गेलो तर तोंडातून माझी नेहमीची भाषा निघाली, हे सर्वसमर्था, हे स्वर्गाच्या धन्या, आणि माझीच मला किळस आली. त्याच्यापुढेही मी साक्षच देत होतो. मग एवढंच म्हणालो, “ती मला सापडत नाही. मी तिचं नाव पुसलं. तुला ठाऊक असेल ती कुठं आहे.” त्यात एकही शब्द वाढवलेला नव्हता. धीर आला असं मी सांगणार नाही. आला नाही. फक्त मी मोकळा रिकामा झालो, घागर पालथी केल्यासारखा. नमाज सुटला, पांढऱ्या कपड्यातली माणसं बाहेर आली, एकानं माझ्या मांडीवर पाण्याची गार बाटली ठेवली आणि पुढे गेला.

दोनच्या सुमारास ग्रुपवर एक फोटो आला. पाठवणारे हनीफभाई, रायगडकडचे, मुहर्रकात त्यांचं छोटं कोल्ड स्टोअर, म्हणजे किराणा दुकान, आहे. खाली लिहिलं होतं: ‘धुरपदा नावाची आजी सापडली आहे. कुणाच्या घरची?’ त्यावर अजून कोणाचं काही उत्तर नव्हतं, सगळ्यांना हरवलेली ‘सारा’ ठाऊक होती. फोटोत चेहरा नव्हता, नुसता हात. गुलाबी डागावर ओल्या मेंदीनं काढलेली चार वाकडी अक्षरं. त्यातला ‘र’ मागे झुकलेला, यात्रेतल्या गोंदणाऱ्यानं काढला होता अगदी तसाच.

मी कसा पोचलो ते मला सांगता येत नाही, आणि एरवी मी हेच फार रंगवून सांगितलं असतं. जुनं घर, आत थंडगार अंधारलेली खोली, जमिनीवर गादी. आई भिंतीला टेकून बसली होती, पाय ओल्या फडक्यात गुंडाळलेले. शेजारी त्या घरची म्हातारी, काळा अबाया, आणि तिच्या हनुवटीवर निळे ठिपके. तिचं माहेर बसऱ्याकडचं, तिकडे तिच्या वयाच्या बायका गोंदवून घ्यायच्या, हनीफभाईंनी सांगितलं. दारासमोर आई उन्हात उभी दिसली, या घरच्या आजीनं तिची हनुवटी पाहिली, आपल्या हनुवटीला बोट लावलं आणि हात धरून आत घेतलं. लबान, म्हणजे ताक, पाजलं, खजूर दिले, आणि बोलणं जुळेना म्हणून हनीफभाईंना बोलावून घेतलं. आपल्यासाठी मेंदी भिजवलेलीच होती, ती पाहुणीलाही लावायला घेतली.

“हिंदीत विचारलं, अरबीत विचारलं, तुमची आई मुकीच,” हनीफभाई म्हणाले. “ह्या आज्जीनं हातावर मेंदीचा ठिपका ठेवला तशी तिच्या हातातली काडीच काढून घेतली तुमच्या आईनं. एका दमात लिहिलं. मी वाचलं, ‘धुरपदाआजी, गाव कुठलं?’ तर खाडकन म्हणाली, ‘अंबड!’ आम्ही सगळे दचकलो. बायकांच्या घरात चेहऱ्याचा फोटो नको, म्हणून हाताचा काढला.”

ज्या ठिपक्यांना यंत्र लावू दिलं नाही त्यांनी तिला सावलीत नेलं, आणि साठ वर्षं गिरवलेलं नाव बोटांनी जपून ठेवलं होतं. यात माझा हात कुठेच नव्हता. मी केलेलं सगळं तिला हरवण्याच्याच कामी आलं. हे मी तेव्हापासून मनाशी धरून आहे: मी माणसं देवाकडे ढकलत नेत होतो, आणि त्यानं तिला माझ्याशिवाय, माझ्या नकळत, माझी भाषा न येणाऱ्या हातांत सुखरूप ठेवलं. त्याचे उपकार मानताना मला आता मोठे शब्द सुचत नाहीत. पुढच्या शुक्रवारी साक्ष द्यायला उभा राहिलो, चार वाक्यं बोललो आणि बसलो. रूथनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

पण आईला मी सापडलो नाही. ती दिवसेंदिवस आणखी आत चालली आहे. मेंदी पंधरा दिवसांत फिकी पडते, म्हणून एक शुक्रवार सोडून आम्ही त्या घरी जातो. बसऱ्याची आजी मेंदी भिजवते आणि काडी माझ्या हातात देते, कारण आईचा हात आता थरथरतो. परवा मी ‘र’ मागे झुकवत होतो आणि आई माझ्याकडे निरखून बघत होती, यात्रेतल्या गोंदणाऱ्याकडे बघावं तशी.

“बाबा, हळू काढा,” म्हणाली. “आधी पक्कं होतं हितं. माझ्या लेकानं काढून टाकलं.”

काडी थांबली. मी गोंदणारा होऊनच विचारलं, “गोंदवून घेतल्याचा पस्तावा झाला का कधी?”

“कशापायी?”

“आणि काढताना दुखलं?”

“लई.”

“मग आजी, तुम्ही लेकाला सांगितलं का नाही, दुखतंय म्हणून?”

आईनं ओल्या अक्षरांवर फुंकर घातली.

“त्यानं इचारलं नाही.”