आतून ओली काच

१९५८ च्या मे महिन्यात माझी पत्नी कुसुम जयपूरला वारली. मी त्या वेळी ऑफिसात होतो.

असे अनुभव या सदरात मी वाचत आलो... आणि दर वेळी पान उलटलं. दिवसा फायली, संध्याकाळी पुस्तकं. यापलीकडचं काही मानलं नाही. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

आमची भाड्याची खोली जुन्या शहरात, दुसऱ्या मजल्यावर. गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या म्हाताऱ्या मांजी त्यांच्या खिडकीतून माझ्या ताटातल्या पोळ्या मोजायच्या.

"बाबूजी, आज फिर दो ही? बहू होती तो डाँटती!"

प्रेमानेच म्हणायच्या. पण मला रडायलासुद्धा आडोसा नव्हता.

खिडकीच्या तावदानांना रंग फासला तर उजेड जाईल, बटरपेपर उन्हाने फाटेल... शेवटी घासलेली दुधी काच घेतली. काचवाले उस्ताद म्हणाले, "साब, खुरदरी तरफ अंदर रखता हूँ. बाहर रही तो बारिश में सब दिखेगा." त्यांनी ओलं बोट काचेच्या खरखरीत बाजूवर फिरवलं. तेवढ्या पट्टीतून गल्ली स्वच्छ दिसली. सुकल्यावर काच पुन्हा पांढरी.

त्या काचेआड मी पंधरा दिवस रडलो. मग मांजींनी गल्लीत अडवलं.

"घर पे कौन आया है?"

"कोई नहीं, मांजी. ताला लगाकर जाता हूँ."

"तो पाँच बजे काँच पर उँगली कौन फेरता है?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर निघून पाचला गल्लीत उभा राहिलो. वर, आमच्या काचेत, दोन बोटं रुंदीची पट्टी स्वच्छ होत गेली. धावत जिना चढलो. कुलूप जसंच्या तसं. आत काच ओली — माझ्या खांद्याच्या उंचीला. कुसुमचे डोळे तिथेच यायचे. माझी सायकल दिसावी म्हणून ती रोज पाचपासून त्या खिडकीशी उभी राहायची.

बघता बघता ओल सुकली. मी हाक मारली नाही.

पुढे मी रोज वेळेवर घरी येऊ लागलो. नागपूरची बदली दोनदा नाकारली. १९६३ साली ती तिसऱ्यांदा आली, तेव्हा नागपूरला आई आजारी असल्यामुळे घ्यावी लागली. निघताना खिडकीशी जाऊन सांगायला हवं होतं, कुठे जातोय ते. रिकाम्या खोलीत बोलायची लाज वाटली.

सहा महिन्यांनी मांजींनी कुणाकडून तरी लिहवून पोस्टकार्ड पाठवलं. "कमरा बंद पड़ा है. काँच पर पाँच बजे अब भी उँगली फिरती है."

ती ओल कुठून येते, मला माहीत नाही.

मी नागपुरात आहे.