फाटकापाशी थांबलेला पिक्चर

आमचे आबा शेवट न बघताच गेले.

म्हणजे, त्यांनी बघितलेल्या एकुलत्या एका इंग्रजी पिक्चरचा शेवट.

आज आबांची, माझ्या आजोबांची, पुण्यतिथी. दर वर्षी हार घातलेला फोटो टाकतो. या वर्षी त्यांच्या पिक्चरबद्दल लिहितो.

१९३० नंतरचा काळ. आबा विशीतले, नुकतं लग्न झालेले. कन्हेरीत वांगी-मिरची पिकवायचे. थोरले भाऊ दादा शेजारच्याच रानात. वाटणी झाली, पण विहीर एकच राहिली. एक दिवस याची मोट, एक दिवस त्याची.

पाळीवरून एकदा तोंडातोंडी झाली आणि बोलणंच बंद. बांधाला बांध, पण साधा रामराम नाही.

त्या उन्हाळ्यात आबांचा एक बैल लंगडा झाला. एका बैलावर मोट चालत नाही. दादांच्या दावणीला बैल होते. नुसतं "दादा, बैल दे" म्हणायचं होतं.

आबा म्हणाले नाहीत. वांग्यांनी माना टाकल्या.

आमच्या घराण्यात ताठा भरपूर, पाणी कमी.

अशात बारामतीत तंबूतला सिनेमा आला. घोडेवाल्यांचा पिक्चर, तोही मुका. पडद्याशेजारी एक जण उभा राहून मराठीत गोष्ट सांगायचा. मारामारी बघायला मिळणार म्हणून अख्खी कन्हेरी लोटली. आबा तंबूच्या या टोकाला, दादा त्या टोकाला.

आणि पिक्चरमध्ये मारामारीच नाही!

दोन भाऊ. उजाड माळ. एकच झरा, तो थोरल्याच्या हद्दीत. थोरल्याने कुंपण घातलंय, फाटकावर बैलाची कवटी टांगलीय. धाकट्याची गुरं तहानेने व्याकुळ.

निम्मे लोक कंटाळून तंबाखू मळायला लागले. मग एक गाय कुंपणाची तार चाटते. बराच वेळ नुसती चाटत राहते.

आबा सांगायचे, तंबाखू मळणारे हात थांबले. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं सोड की पाणी, मुडद्या!"

शेवटी धाकटा गुरं घेऊन फाटकापाशी येतो. पलीकडे थोरला, हातात बंदूक. कुणीच काही बोलत नाही.

आणि तंबूवाल्याचं इंजिन बंद पडलं.

पडदा काळा. मालकाने हात जोडले. सकाळी तंबू गुंडाळून तो इंदापूरला निघूनही गेला.

त्या दिवशी विहिरीवर पाळी दादांची. आबा आपल्या बांधावर सुकलेली वांगी बघत उभे. दादा मोट हाकत होते. तोंड न वळवताच म्हणाले,

"गेनू, तुला काय वाटतं? उघडलं असंल का फाटक?"

भांडणानंतरचं पहिलं वाक्य. तेही पिक्चरबद्दल.

"उघडणारच. भाऊ हाय त्यो."

"न्हाय उघडणार. मागितल्याबिगर कोण देतं का? धाकट्यानं तोंड उघडाया नगं व्हय?"

"त्याला गुरं दिसत न्हाईत व्हय? मागायचं काय त्यात?"

वाद पेटला. बोलता बोलता आबांच्या पायाला गार लागलं. खाली बघतात तर पाण्याचा पाट त्यांच्या वाफ्यांकडे वळवलेला. दादांनी मोट जुंपायच्या आधीच वळवून ठेवला होता.

"दादा, पाणी माझ्या रानात चाललंय."

"ठावं हाय. तू बोल. उघडलं असंल, ते कशावरनं?"

वांगी वाचली.

पुढे दोघे एकाच बैलगाडीतून शेवट बघायला इंदापूरला गेले. तिथे पडद्यावर देव आणि राक्षस. मालक म्हणाला, "पडेल पिक्चर होता, पाव्हणं. पेटीत घातला."

येताना वाटभर तोच वाद. नंतर लग्नाच्या पंगतीत तोच, माळेगावला साखर कारखान्यापुढे उसाच्या गाड्यांच्या रांगेत तोच. दादा शेवटचे आजारी होते तेव्हाही आबा उशाशी बसून म्हणत होते, "उघडणार." दादा मान हलवायचे. नाही.

काही वर्षांपूर्वी तो पिक्चर मला यूट्यूबवर सापडला. कवटीवरून ओळखला. नाव सांगत नाही, तुम्ही ऐकलेलं नसणार. खाली मोजून दोन-तीन कमेंट. एक "स्लो", एक "बोअर". डोकंच फिरलं माझं. अरे बाबांनो, ती गाय बघा! त्या दोघांचे चेहरे बघा! बंदूक हातात असून फाटकापर्यंत एकही गोळी न उडवणारा असा पिक्चर दुसरा दाखवा मला.

शेवट आबांसोबत बघायचा म्हणून तिथेच थांबवला आणि मोबाइल घेऊन त्यांच्याकडे गेलो. आबांनी नव्वदी कधीच ओलांडलेली.

त्यांनी बघितला. गाय आली तेव्हा जीभ टाळ्याला लावून चुकचुकले. फाटक आलं आणि म्हणाले,

"बंद कर."

"आबा, आता तर शेवट आहे."

"दादा न्हाय आता. अन् त्योच जिंकला, तर मी सांगू कुणाला?"

त्यानंतर मलाही पुढचं बघवलं नाही.

आज दुपारी बघितला. आपल्याच विहिरीवर बसून. आता तिथे मोटर आहे, मोटेचे बैल चालायचे त्या धावेवर गवत वाढलंय.

आबा, तुम्ही हरलात.

ते फाटक उघडत नाही. धाकटा मागत नाही, थोरला देत नाही. गुरं माघारी फिरतात आणि पडद्यावर नुसती धूळ उरते. फार मोठा पिक्चर आहे, आबा. आणि तरी वाटतं, त्या दिवशी इंजिन बंद पडलं ते बरंच झालं.

पिक्चरमधल्या थोरल्याला जमलं नाही. आपल्या थोरल्याने न मागता पाट वळवला, आणि वर जन्मभर "न्हाय उघडणार" म्हणत राहिला.

खूप आठवण येते तुम्हा दोघांची.

आता दादा तुमच्या जवळच असतील. सांगून टाका त्यांना, तेच जिंकले.