मागं घेऊन बघ

रविवारचं मटण अंगावर आलेलं आहे. पडदे ओढलेत, पंखा संथ फिरतोय आणि हिंदुराव सरनोबत पोटावर मोटारसायकलींची दोन माहितीपत्रकं ठेवून पलंगावर आडवे झालेत. झोपेचं आणि त्यांचं फारसं कधी जमलेलं नाही. आपण डोळे मिटले की आपल्या मागं काहीतरी शिजतं, अशी त्यांची जन्माची खात्री आहे. शिरोलीतल्या कारखान्यात ते चहासुद्धा दाराकडं तोंड करून पितात.

डावीकडच्या पत्रकावर थोरली आहे. अमेरिकन, दोन जाडजूड सिलिंडर, पुढं मोठी काच, दोन्ही अंगांना पेट्या, पाय ठेवायला रुंद फळ्या आणि वजन पावणेचारशे किलो. उजवीकडं धाकटी. जपानी, थोरलीहून सव्वाशे किलोनं हलकी, बसायला बुटकी, दिसायला जरा गरीब. उद्या सकाळी शोरूमला कळवायचं आहे. सत्तावन्नावं वर्ष आणि डाव्या गुडघ्याची ही तऱ्हा, म्हणजे ही शेवटची गाडी. ती चुकली तर लांबचं फिरणं कायमचं संपलं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

पण घोडं अडलंय ते दुसरीकडंच. थोरली ही सुकुमार मगदूमची गाडी आहे. त्यानं घेतलेली नव्हे, त्याची घ्यायची राहून गेलेली. कोल्हापुरातून निघणाऱ्या प्रत्येक घाटात या दोघांनी जोडीनं गाड्या पिटाळल्या होत्या. साठीच्या आत दोघांनी एकेक थोरली घ्यायची आणि कच्छच्या रणात जायचं, असं ठरलं होतं. फाल्गुनात सुकुमार झोपेतच गेला. आता धाकटी घेतली तर गेलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावल्यासारखं होईल, असं हिंदुरावांना वाटतं, आणि हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नाही.

त्यात शशिकलाताई, म्हणजे त्यांची बायको, काल म्हणाल्या, "थोरलीच घ्या की." बत्तीस वर्षांच्या संसारात या बाईनं साध्या पडद्याच्या रंगालाही पहिल्या झटक्यात होकार दिलेला नाही. मग आताच का? शोरूममधला पोरगाही थोरलीबद्दल जरा जास्तच गोड बोलत होता. गुडघ्याचा डॉक्टर तर म्हणाला, "चालवा, चालवा." सगळे एकाच सुरात बोलायला लागले की समजावं, आपल्याला कुठंतरी ढकलताहेत. कुठं, हे शोधायच्या बेतात असतानाच हिंदुरावांच्या हातातलं पत्रक कलतं.

शोरूममधल्या गोल फिरत्या खुर्चीत सुकुमार बसलाय.

अंगात तेच कोपरावर ठिगळ लावलेलं जॅकेट, हातात चहाचा कप. शोरूमच्या काचेबाहेर रस्ता नाही, हिंदुरावांच्या घरातला पंखा आहे, आणि तो संथ फिरतोय.

"आलास व्हय?" सुकुमार म्हणतो. "बस. चहा घे."

हिंदुराव बसत नाहीत. आईनं लहानपणीच बजावलेलं, मेलेलं माणूस स्वप्नात आलं तर त्याच्या हातचं खाऊ नये, पिऊ नये, आणि चल म्हणालं तर मुळीच जाऊ नये. "साखर वर्ज्य केलीय," ते म्हणतात.

"बिनसाखरेचाच हाय."

हे तर आणखीच संशयास्पद. सुकुमार मगदूम आणि बिनसाखरेचा चहा! जिवंतपणी हा माणूस कपाच्या तळाला राहिलेली साखर बोटानं चाटायचा.

"तू सुक्याच कशावरून?" हिंदुराव विचारतात.

"इचार काय इचारायचं ते."

"माझा दहा नंबरचा पाना फोंडा घाटात कुणी हरवला?"

"मी," सुकुमार लगेच म्हणतो. "पंक्चर काढताना दरीत गेला. तुझ्यावर ढकललं."

उत्तर बरोबर आहे, पण खरा सुकुमार हे मेला तरी कबूल करणार नव्हता. मग लक्षात येतं, तो मेलेलाच आहे, आणि ते आणखी गोंधळतात.

"बरं, गाडी बघायला आलास का माझी उलटतपासणी घ्यायला?" सुकुमार उठतो. "ही थोरली. बस."

हिंदुराव बसतात. थोरली घरच्या आरामखुर्चीसारखी त्यांना पोटात घेते. इंजिन आधीच चालू आहे, ते कुणी चालू केलं ते कळत नाही. शोरूमच्या पांढऱ्या फरश्या संपतात तिथं आंबा घाट सुरू होतो. गाडी जागची हलत नाही, पण दोन्ही बाजूंची झाडं मागं जाताहेत. सुकुमार शेजारून पायी चालतोय आणि त्याला धापही लागत नाही.

"कशी वाटती?"

"ओढ जबरदस्त आहे रे. गिअर खाली न टाकता चढतेय. काचेमुळं छातीवर वारा नाही. रणात हीच पाहिजे, सुक्या."

"मांडी?"

हिंदुराव मांडीला हात लावतात. उजवी मांडी तव्यावर ठेवल्यासारखी तापलीय. "भाजतेय थोडी."

"घाटात थोडी. दसरा चौकात सिग्नलला लई भाजंल. आता धाकटीवर बस."

धाकटी कुठून आली ते कळत नाही, पण ते तिच्यावर बसलेले आहेत. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकताहेत. इंजिनाचा आवाज शेजाऱ्यानं दबक्या आवाजात बोलावं तसा आहे. वळणावर गाडी मनात आलं की झुकते. तिच्यावर बसून छाती मात्र फुगत नाही.

"ही गाडी चांगली आहे," हिंदुराव नाइलाजानं म्हणतात. "पण हिच्यावर मी तालुक्याच्या ठिकाणचा साहेब दिसतो."

"आणि थोरलीवर?"

थोरलीवर आपण कसे दिसतो, हे हिंदुरावांनी दुकानाच्या काचेत चोरून बघितलेलं आहे. तेही याला ठाऊक असणार. "तुला काय पाहिजे ते सरळ बोल," ते म्हणतात. "मी थोरली घ्यावी म्हणून आलायस ना? तुझी हौस माझ्या गुडघ्यावर फेडायला? ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस."

सुकुमार हसतो. त्याच्या हसण्याला आवाज नाही. "गाडी कुठं लावलीस आज?" तो विचारतो.

"कुठली?"

"तुझी जुनी. घरातली."

"अंगणात. नळाजवळ, मोगऱ्याच्या वाफ्याशी."

"तोंड कुणीकडं?"

"भिंतीकडं. मटण थंड होत होतं."

"स्टँडखाली काय ठेवलंस?"

"काही नाही."

"लेका!" सुकुमार म्हणतो, आणि तो एक शब्द अगदी खऱ्या सुकुमारचा आहे.

सुकुमारचे दोन नेम होते आणि त्यापायी सगळे त्याची टर उडवायचे. पहिला, घाटात थांबलं की चहाच्या आधी गाडी वळवायची, तोंड रस्त्याकडं करून लावायची, मग कप हातात घ्यायचा. दुसरा, मऊ मातीत स्टँडखाली लाकूड ठेवायचं. त्यासाठी त्यानं बायकोच्या मोडक्या पोळपाटाचा अर्धा तुकडा घेतला होता. त्याला भोक पाडून दोरी बांधलेली, आणि दोरीचं टोक हँडलला अडकवलेलं. निघताना गाडीवर बसूनच ओढायचं, तुकडा हातात. अंत्यविधीच्या वेळी हिंदुरावांनी तो तुकडा दोरीसकट स्वतःच्या हातानं त्याच्या चितेवर ठेवला होता.

आता समोर चहाची टपरी आहे. टपरीला फळीऐवजी हिंदुरावांच्या घरातला पलंग आहे, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. उतारावर, दरीच्या कठड्याला चाक टेकवून सुकुमारची गाडी उभी आहे. तोंड खाली केलेलं.

हिंदुराव थिजतात. "सुक्या, तुझी गाडी अशी कशी लावलीस? तोंड उताराला?"

"मग?"

"वळवली का नाहीस?"

"आता कशाला वळवायची?" सुकुमार साधेपणानं म्हणतो. "मला कुठं परत जायाचंय?"

वारा पडतो. हिंदुरावांना पळून जावंसं वाटतं, पण थोरलीही तिथंच आहे, कठड्याला चाक टेकवून, सुकुमारच्या गाडीशेजारी, तशीच तोंड खाली करून. किल्ली हिंदुरावांच्या हातात आहे.

"पुढं तर सगळ्याच गाड्या जातात," सुकुमार म्हणतो. "शोरूमवाला पुढंच पळवून दाखवतो. तू हिला मागं घेऊन बघ."

हिंदुराव हँडल धरतात, पाय रोवतात, मागं रेटा देतात. गाडी तसूभर हलत नाही. पुन्हा जोर लावतात. डाव्या गुडघ्यातून कळ निघते आणि थेट डोळ्यांत येते. गाडी उलट कठड्यावर आणखी रेलते. दगडाची एक कपची सुटते आणि खाली जाते, आणि ती पडल्याचा आवाज काही येत नाही.

"हात लाव की!" ते ओरडतात. "उभा काय राहिलायस? पुढून लाव, दिव्याला!"

कारण असंच असायचं. हिंदुराव घाईत गाडी उताराला लावायचे, शिव्या खायचे, आणि मग सुकुमार न सांगता पुढं जाऊन दिव्याला दोन्ही हात लावायचा, खांदा द्यायचा, की गाडी मागं यायची. आयुष्यभर हे इतक्या वेळा झालं होतं, की गाडी आपणच मागं घेतो असं हिंदुराव समजून चालले होते.

सुकुमार जॅकेटच्या खिशातून हात काढत नाही. "मला न्हाई लावता येत, हिंद्या."

"का?"

"ती गाडी दोघांच्या बळाची हुती. ठरलं तेव्हा आपण दोघं हुतो."

हिंदुराव हँडल सोडतात. पावणेचारशे किलोचा आकडा त्यांनी वर्षभर वाचला होता, पण त्यातला निम्मा भार आपण न बोलता सुकुमारच्या नावावर टाकून ठेवला होता, हे त्यांना आत्ता कळतं. ते कठड्यावर बसतात आणि रडतात. स्मशानात रडले नव्हते तेवढं रडतात. लोक बघत असतील, त्यातला एखादा खोटं रडतोय म्हणेल, या संशयानं तेव्हा त्यांनी डोळे कोरडे ठेवले होते.

"मला न सांगता का गेलास रे?" ते विचारतात.

"झोपेत हुतो. मलाच कुठं कुणी सांगितलं?"

"आणि आता मला न्यायला आलायस."

"तुला?" सुकुमारला मनापासून हसू येतं, आणि या वेळी त्या हसण्याला आवाज आहे. "तुला नेऊन करू काय? वाटंत चार ठिकाणी थांबून रस्ता बरोबर हाय का म्हणून लोकांना इचारशील. ऊठ. तुझी गाडी पडाय लागलीय."

"कुठली? थोरली?"

"जुनी. शशीवैनींनी नळ सोडलाय."

हिंदुराव दचकून उठून बसतात. पंखा फिरतोय. एक पत्रक पलंगाखाली पडलंय, दुसरं त्यांच्या घामानं हाताला चिकटलंय. पडद्याच्या कडेनं उतरतीचं ऊन आत आलंय, आणि अंगणातून पाईपच्या पाण्याचा आवाज येतोय.

ते अनवाणीच धावतात. मोगऱ्याच्या वाफ्यातलं पाणी फुटून नळाजवळची माती चिखल झालीय. अशा चिखलात स्टँड वीतभर रुतणार, गाडी आडवी होणार, टाकी चेपणार, हे त्यांना पायऱ्या उतरतानाच दिसतं.

गाडी उभी आहे. जरासुद्धा कललेली नाही.

हिंदुराव वाकतात. स्टँडखाली अर्ध्या चंद्राच्या आकाराचा लाकडाचा तुकडा आहे. त्याला भोक आहे, भोकातून दोरी ओवलीय, दोरीचं टोक हँडलला अडकवलंय. लाकडाची एक कड जळून काळी पडलीय.

"शशी, हे तू ठेवलंस?"

शशिकलाताई पाईप घेऊन वळतात. "काय ते? तुमच्या गाडीला मी हात तरी लावते का? धक्का लागला तर आठवडाभर चौकशी चालते."

हिंदुराव त्यांच्या तोंडाकडं निरखून बघतात. फाटक आतून बंद आहे. चिखलात पावलं आहेत ती त्यांची स्वतःचीच, आत्ताची. विचारण्यासारखे दहा प्रश्न त्यांच्या जिभेवर येतात, आणि जन्मात पहिल्यांदा ते त्यातला एकही विचारत नाहीत.

ते गाडीवर बसतात. दोरी ओढतात. तुकडा चिखलातून सुटून हातात येतो. मग स्टँड वर करून दोन्ही पाय रोवतात आणि मागं रेटा देतात. गुडघा कुरकुरतो, पण गाडी येते. एकट्यानं, थोडी थोडी करत ते तिला वळवतात आणि तोंड फाटकाकडं करून कोरड्या फरशीवर लावतात.

"मग कुठली ठरली?" शशिकलाताई विचारतात.

"धाकटी."

त्या नळ बंद करतात. त्यांचा चेहरा एकदम हलका झालेला असतो. "मलाही तीच बरी वाटत होती हो. पण सुकुमारभावजींची इच्छा होती, मी नको म्हटलं असतं तर तुम्हाला जन्मभर लागून राहिलं असतं. म्हणून म्हटलं, थोरली घ्या."

"होय," हिंदुराव म्हणतात. "त्याचीही काही हरकत नाही."

"कुणाची?"

डोळे भरून आलेत म्हणून हिंदुराव तुकडा ओढलेलाच हात तोंडावरून फिरवतात. शशिकलाताई जवळ येतात, त्यांच्याकडं बघतात आणि पदराचं टोक ओलं करतात.

"हे काय माखून घेतलंय?" त्या म्हणतात, आणि हिंदुरावांच्या गालावरची काजळी पुसायला लागतात.