केरबाच्या नावेचं चाक

आमच्याकडे घरटी एक माणूस पलटणीत असतो, पण केरबा गेला आरमारात. "आरं, समुद्र आपल्याला ठावा न्हाई, तू बोटीवर काय म्हशी धुणार?" असं हसत गावानं त्याला पाठवला. लढाई संपल्यावर तो परत आला तो उजवा खांदा निकामी करून. हात खांद्याच्या वर जायचा नाही. बाकी हसणं, बोलणं, विडी ओढणं सगळं कृष्णामाईच्या कृपेनं जागेवर.

सांगलीच्या वरच्या अंगाला नदीवर त्याच्या वडिलांची शिडाची नाव होती. वडील गेले, नाव केरबाकडे आली. पण सुकाणूचा तो लांबलचक दांडा! पाणी चढलं की रेटायला दोन्ही हात धडधाकट हवेत. लालासाहेब पंचांनी सांगून टाकलं, "नागपंचमीला माहेरवाशिणी नीट पल्याड उतरीव. जमलं तर नाव तुजी, न्हाई तर नाथाजीची." नाथाजी हा चुलतभाऊ, अंगानं रेड्यासारखा.

"जमवतो की," केरबा म्हणाला. "बोटीवर दांडा नसतो, चाक असतं. चाक फिरवलं की दोर ओढतो न् सुकाणू वळतं."

त्याच्या डोळ्यांपुढं मोठ्या बोटीवरचं चाक. गुंडा सुतारानं ते थेट गाडीच्या चाकाएवढं घडवलं, वर लोखंडी पट्ट्याची धावही चढवली. "धावेबिगर चाक माज्या दारातनं जात न्हाई!" चाक फिरलं लोण्यासारखं. पण नावेत मागं जायला वाटच उरली नाही. आणि धारेत मागच्या टोकाशी जाऊन बायका कृष्णामाईची ओटी भरतात, ती कुठून भरायची? वरच्या कडेला केरबाचा हात पुरेना आणि खालची धाव उन्हानं तव्यासारखी तापलेली.

मग दुसरं केलं, चाळणीएवढं. वाट मोकळी झाली, पण फिरवायला असं जड, की नाव केरबाचं काही न ऐकता काठाला लागून असलेल्या कोंडीबाच्या वांग्यांत शिरली.

"केरबा, आता बांगडी बसीव गड्या!" काठावरून नाथाजी ओरडला.

"बांगडी मागनं बसीव," कोंडीबा म्हणाला, "आदी माज्या वांग्यातनं भाईर हो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबाची बायको रंगूबाई दळत होती. तो समोर तोंड पाडून बसलेला.

"आवं, बसलायसाच तर खुंटा धरा."

त्यानं डाव्या हातानं धरला. जातं घरघरू लागलं. हात जाई, हात येई. खांद्याला खबरही नाही.

"रंगू, ह्याचं माप कुणी काढलं गं?"

"माप कसलं? बसल्या जागी हात पोचतो तितं खुंटा. तुमी आदी चाक करता न् मग त्याच्यापुढं उबं ऱ्हाता. आदी बसा की नीट!"

केरबा पीठ भरल्या हातानंच उठला. नावेत बाजूच्या फळीवर बसला आणि रंगूबाईनं सुतळी धरली, वर खांद्याच्या खाली, खाली गुडघ्यापर्यंत. पुरणाच्या मोठ्या परातीएवढं माप निघालं. बाजूला बसल्यानं शिडाआडचं पाणीही दिसू लागलं. गुंडा पुन्हा धाव घेऊन आला, तेव्हा रंगूबाईनं हात जोडले, "गुंडादादा, हे काय साताऱ्याला पळणार न्हाई!"

पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, खिळासुद्धा ठोकायचा नाही. म्हणून चाक आदल्या दिवशीच बसलं. बसलं ते बसलं. आता दुरुस्ती नाही.

पंचमीला नदी लाल, फुगलेली. नाव माहेरवाशिणींनी भरली. पंच पुढं बसले. नाथाजीची बहीण बनुबाईही निघाली होती, म्हणून तोही आला आणि चाकाकडं बघत बसला. ऐन धारेत वारं फिरलं. शीड फडफडलं, नाव खालच्या अंगाला ओढली जाऊ लागली.

"नाथ्या, बघत काय बसलायस? शिडाचा दोर धर!" केरबा ओरडला.

नाथाजीनं दोर आवळला. केरबाचा डावा हात फिरला, थांबला, पुन्हा फिरला. नावेचं तोंड हळूहळू वर आलं. "कृष्णामाई!" बायकांच्या तोंडून एकदम निघालं, आणि मग एकेक जण चाकाला पदर घासत मागं गेली आणि खणानारळानं ओटी भरून आली.

पल्याड उतरताना पंचांनी विचारलं, "काय रं नाथाजी, नाव कुणाची?"

"केरबाचीच. पण शीड माज्याकडं द्या. वारं ह्याचं काय ऐकत न्हाई."

"ये की," केरबा म्हणाला, "पर वांगी दिसली की डोळं झाक!"

रंगूबाईनं चाकाला हळदकुंकू वाहिलं. गुंडानं मात्र पहिल्या चाकाला जोडीदार घडवला आणि पुढं दिवाळीत गाडीच विकायला काढली.