बरा झालेला पाय

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. बातमी हातात आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे — हे कुणी सांगितलं, आणि त्याला स्वतःला कसं ठाऊक? नव्या वार्ताहरांना मी या प्रश्नाने छळलं आहे. घरी मात्र हा प्रश्न मला कुणी विचारणार नाही, असं मी धरून चाललो होतो.

मेधा, माझी बायको, होमिओपॅथ. खांदा कॉलनीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचा दवाखाना होता. एका उन्हाळ्यात चपलेने घासून माझ्या पावलाला जखम झाली. तिच्यात पू झाला, लाली घोट्यापर्यंत चढली. मेधाने साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि पथ्य सांगितलं — कॉफी, कच्चा कांदा, लसूण बंद. मी ते काटेकोर पाळलं. कॉफीचा डबासुद्धा तिच्यादेखत शेजाऱ्यांना दिला.

आणि कामावर जाताना कळंबोलीत उतरून एका डॉक्टरला पाय दाखवला. त्याने अँटिबायोटिक लिहून दिलं. ती पाकिटं मी ऑफिसच्या खणात ठेवली आणि कोर्स पूर्ण केला.

पाय बरा झाला. ‘बघ, पथ्य पाळलंस म्हणून,’ मेधा म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला होता — त्या क्षणी खरं कसं सांगायचं? नंतर सांगू, असं ठरवलं. नंतर म्हणजे कधी?

पुढे ती पेशंटसमोर हाक मारायची, ‘इकडे ये रे, यांना पाय दाखव.’ मी बाहेर जाऊन पँट वर करायचो. तोंडाने काही बोलत नव्हतो. न बोलता दाखवलेलं खोटं, खोटं नसतं का?

पण मला सांगायचं आहे ते हे नव्हे. इथवरचं सगळं एखादेवेळी हसून सांगता आलं असतं.

हिराबाय उरणकडून मासळी घेऊन आमच्या कॉलनीत येत असे. धक्क्यावर अनवाणी चालताना तिच्या पायात शिंगाळा माशाचा काटा गेला. ती आली तेव्हा लाली पोटरीकडे सरकत होती, अंगात कणकण होती. असा पेशंट आला की मेधा त्याला थेट हॉस्पिटलात पाठवत असे. तो तिचा नेम होता. तिने तसं सांगितलंही.

हिराबाय ऐकेना. ‘हास्पिटलात गेलं का धंदा बुरला, मॅडम. साबांचा पाय याच गोल्यांनी बरा झाला ना? मंग मना बी त्याच द्या. त्यांचा पाय सोन्याचा, न् माझा पितलेचा?’

मेधा हसली नाही. आत स्वयंपाकघरात माझ्याकडे आली, दार लोटलं. म्हणाली, ‘खरं सांग. तुझी लाली गोळ्यांनीच उतरली ना? दुसरं काही घेतलं नव्हतंस?’

तिने माझाच प्रश्न मला विचारला होता. बाहेर हिराबायचा पाय स्टुलावर होता — बाहेरून घरात येताना मी तो पाहिला होता. उत्तरावर काय अवलंबून आहे, हे मला नेमकं कळत होतं.

मी म्हणालो, ‘नाही. गोळ्यांनीच.’

मला सांगायचं होतं ते हे.

तिने गोळ्या दिल्या. काही दिवसांनी तापाने फणफणलेल्या हिराबायला हॉस्पिटलात नेलं. ती वाचली, पायाची दोन बोटं कापावी लागली. मेधाने दवाखान्याची पाटी उतरवली. ती अजूनही म्हणते, ‘तुझ्याबाबतीत अंदाज बरोबर आला, तिच्याबाबतीत कसा चुकला?’ मी समोर बसून ऐकतो. आमच्या घरात अजून कॉफी येत नाही.

हिराबायला आता दारोदार फिरवत नाही. मुलगा मासळीची पाटी आणून देतो, ती कॉलनीच्या फाटकाशी क्रेटवर बसून विकते. मी बोंबील घ्यायला गेलो की माझ्या पावलाकडे बघते.

‘साब, पाय बरा हाय ना?’

‘बरा आहे,’ मी म्हणतो.