कॅरेटावरची शीग

टोमॅटो आपोआप नासत नाही, तो नासवला जातो. हे मी पत्रकात छापून रहिमतपूरच्या आठवडी बाजारात वाटलं. लोकांनी त्यात भजी बांधून नेली. मनावर घेतलं फक्त माझ्या काकीनं.

आमच्याकडे टोमॅटोचं प्लास्टिकचं कॅरेट नुसतं काठोकाठ भरून चालत नाही. काठाच्या वर ढीग चढवायचा, त्याला म्हणतात शीग. शीग नसली की माणूस कंजूष. मग टेम्पोत एकावर एक कॅरेट चढतं आणि वरच्याच्या बुडाखाली खालच्याची शीग चेपते. रस गळतो, त्या रसानं खालचा धड मालही नासतो. आणि बाजारात आमचा माल विकून देणारा अडत्याच पुढच्या खेपेला माल डागी म्हणून भाव पाडतो. शीगही त्यालाच हवी, डागही आमच्याच माथी.

काकीनं पहिला तोडा, म्हणजे पहिल्या तोडणीचा माल, काठाबरोबर भरला. वर्षाचा हाच तिचा नगदी माल. साताऱ्याच्या बाजारात अर्धा टेम्पो उतरला तेवढ्यात अडत्या आला.

"मावशी, शीग कुठाय?"

मी पुढं होऊन पत्रक दिलं. त्यानं ते सगळं वाचलं, हे कबूल करते. मग म्हणाला, "लय भारी लिवलंयस पोरी. कॅरेटात टमाट्याखाली आंथरायला बरं हाय."

हमाल हसले. त्यानं आमचीच दोन कॅरेट बाकीच्यांवर ओतायला लावली, हातानं दाबून शीग चढवली आणि रिकामी कॅरेट काकीच्या पायाशी टाकली. वर दुसरी थप्पी चढली, तसा रस माझ्या चपलेवर आला. मी भांडायला लागले. काकीनं माझा दंड धरून मला मागं ओढलं.

"आवं, घरातनं निघाला तवा माल गोल हुता," ती त्याला म्हणाली. "ह्यो तुमी चेपलाय." मग टेम्पोवाल्याकडं वळली. "ऱ्हायलेलं उतरवू नगं रं."

अडत्या म्हणाला, जा की, कुठं जाशील? खरंच, जायचं कुठं? माल टिकवायला थंड गोदाम होणार, अशा बातम्या मी ऐकत आलेय, गोदाम काही पाहिलं नाही. उतरलेला माल तिथंच सोडून, राहिलेला घेऊन आम्ही रहिमतपूरला परतलो, एसटी स्टँडाबाहेर पोतं अंथरून बसलो. बायका एकेक फळ दाबून बघत होत्या आणि काकी एकेकीला दाबू नका म्हणून सांगत होती. दिवेलागणीपर्यंत निम्मा माल गेला. निम्मा उरला.

उरलेल्यातलं एकही फळ फुटलेलं नव्हतं. ते घ्यायलाही कुणी उरलं नव्हतं. शेतकऱ्याला माल हाताळता येत नाही म्हणून शिबिरं भरवणाऱ्यांनी तेव्हा तिथं यायला हवं होतं.

काकीनं कॅरेट टेम्पोत चढवताना विचारलं, "परवाचा तोडा कसा भरू?"

काठाबरोबर, मी म्हणाले. घ्यायला कोण येणार, ते मलाही ठाऊक नव्हतं. परवाचा तोडाही तिनं काठाबरोबरच भरला.